लिलाववाल्याचं बोलणं

चर्चमधल्या बायका तिला पाठीमागं भोंगाबाई म्हणायच्या. पाठीमागं म्हणजे तिच्यासमोरच उभं राहून, एकमेकींच्या कानाशी लागून. आणि कुजबुजणारे ओठ वाचणं हा तिच्या डाव्या हातचा मळ होता.

सगळा जन्म तिनं कापड गिरणीत मागावर काढला. इतके माग एकदम धडधडत असले की तिथं ओरडून काही उपयोग नसतो. नवी पोरगी सुरुवातीला घसा फोडून घेते, मग गप्प होते, आणि हळूहळू समोरचीच्या तोंडाकडं बघायला शिकते. असं करत करत तिथल्या बायकांनी लग्नं जमवली, उखाळ्यापाखाळ्या काढल्या, मुकादमाला त्याच्या तोंडावर शिव्या घातल्या, त्याही आवाज न काढता. मुकादम बिचारा मान डोलवायचा. त्याला वाटायचं, बाया गाणं म्हणतायत.

त्याच धडधडीनं तिचे कान खाल्ले. गिरणी सुटली तेव्हा डाव्या कानाला काहीच येत नव्हतं, उजव्याला दूर कुठंतरी गाडी चालल्यासारखं. स्वतःचा आवाज स्वतःला कळेना, म्हणून ती मोठ्यानं बोलू लागली. उपासनेत मंडळी तिसऱ्या कडव्यावर पोचली तरी हिचं दुसरंच चाललेलं असायचं, तेही छप्पर उडेल अशा आवाजात. तिचा नवरा शेजारी उभा राहून हसायचा. म्हणायचा, "गा तू. देवाला काय घाई आहे?"

तो छातीच्या दुखण्यानं गेला. शेवटच्या दुपारी त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मास्कच्या आत ओठ हलत होते, पण प्लॅस्टिकवर वाफ धरत होती. तिनं वाकून वाकून पाहिलं. मास्क काढायला हात नेला तर सिस्टरनं तो धरला. तेव्हा ती नुसतीच "हो, हो" म्हणत राहिली. कशाला हो म्हणाली, कुणास ठाऊक. पाणी मागत होता, निरोप देत होता, की तिच्यावर चिडला होता? खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर तिचं मन उडालं. चर्चला जायची, पण जाऊबाई ओढून न्यायच्या म्हणून. गीत म्हणणं सोडलं. घरी बायबल उघडून बसायची, आणि डोळे अक्षरांवरून घसरत जायचे. विहीर आटली की तळाशी चिखल राहतो, तोही वाळतो, तसं काहीतरी आतमध्ये झालं होतं.

पाळकसाहेब वयानं तरुण होते. तिच्याशी बोलताना ते सरळ तिच्याकडं तोंड करून सावकाश बोलायचे, म्हणून तिला ते बरे वाटायचे. एका रविवारी तिनं त्यांना अडवलं.

"साहेब, माणूस बोलत असला तर मी ओठ बघून समजून घेते. देवाचे ओठ मी कुठं बघू?"

सगळं चर्च मागं वळून बघायला लागलं. पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, खरं सांगायचं तर मलाही रोज ऐकू येतं असं नाही. तुम्ही असं करा, शुक्रवारी भगिनी मंडळाबरोबर इस्पितळात जात जा. घरात भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा बरं."

भगिनी मंडळाच्या प्रमुख म्हणजे तिच्या जाऊबाईच. दर शुक्रवारी दुपारी चार-पाच बायका इस्पितळात जाऊन प्रत्येक वॉर्डात एक गीत म्हणायच्या, एक प्रार्थना करायच्या, फळं वाटायच्या. रोगी झोपलाय की कण्हतोय हे जाऊबाई बघत नसत. गीताची सगळी कडवी झाली पाहिजेत, हा त्यांचा शिरस्ता.

पहिल्याच शुक्रवारी त्या घशाच्या रोग्यांच्या वॉर्डात शिरल्या. बायकांनी अर्धगोल करून गायला सुरुवात केली. ही मागं उभी, तोंड मिटून. तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यातल्या खाटेवर गेलं. उशीला टेकून बसलेला एक आडदांड म्हातारा, गळ्यात नळी, भोवती पट्टी. तो छताकडं बघत तोंड हलवत होता. आवाज नव्हता, पण शब्द स्वच्छ होते.

"देवा, आवाज माझा नेलास आणि यांचा ठेवलास. काय हिशोब आहे तुझा?"

ती खदखदून हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तिच्या त्या भोंग्याच्या आवाजात. गीत थांबलं. जाऊबाईंनी असं पाहिलं की खाऊ की गिळू. पण म्हाताऱ्यानं मान वळवली होती. तो तिच्याकडं बघत राहिला, आणि ओठ हलले : "तुम्हाला कळलं?"

"कळलं की," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं ते चादरीनं खसकन पुसले, जसा काही डोळ्यात कचरा गेला होता.

तो भाजीबाजारातला लिलाववाला होता. पहाटे गाड्या आल्या की उलट्या टोपलीवर उभा राहून तो बोली पुकारायचा, आणि त्याचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. अक्षरांशी त्याचं कधी जमलं नाही. आयुष्यभर तोंडावर जगलेला माणूस. घशात गाठ झाली, दुखणं त्यानं अंगावर काढलं, आणि एके दिवशी श्वास कोंडून बाजारातच पडला. शुद्धीवर आला तेव्हा स्वरयंत्र काढून टाकलेलं होतं. दवाखान्यातल्यांनी लिहायला पाटी दिली, ती त्यानं भिरकावून दिली. काही हवं असलं की चमचा खाटेच्या गजावर आपटायचा. काय हवं ते कुणाला कळायचं नाही, मग तो आणखी आपटायचा.

वॉर्डातल्या सिस्टरनं तिला गाठून विचारलं, "मावशी, रोज याल का? भेटीच्या वेळेत?"

ती रोज जायला लागली. उशी खाली करा, नळीशी खाजतंय, तो उजेड डोळ्यांवर येतोय, असली बारीकसारीक गाऱ्हाणी ती सिस्टरला सांगायची. त्यानं त्याची अर्धी चिडचिड गेली. मग तो खुलला. सिस्टर औषधाची गाडी घेऊन आली की तो ताठ बसून बोली लावायचा, आणि भोंगाबाई ती मोठ्यानं पुकारायची : "चला, सिस्टरबाईंची सुई! एकदम ताजी, टोकदार! कोण घेतंय? बोला, कोपऱ्यातले काका बोला!" वॉर्डात आवाज गेलेली माणसं होती, ती खांदे हलवून हलवून हसायची. आवाज नसलेलं हसू बघायला फार भयाण दिसतं. पण ते हसूच होतं.

घरी येताना तिच्या मनात यायचं, हे देवानंच दिलं असेल का? लगेच तिला स्वतःचीच भीती वाटायची, आणि ती तो विचार झटकून टाकायची.

मग लिलाववाल्याचा मुलगा आला. बापाच्या जागी आता तोच बाजारात उभा राहायचा, त्यामुळं दुपारी डोळे तारवटलेले. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. बापानं त्याच्याकडं पाहिलं आणि ओठ भराभर हलले.

"यांचं बोलणं म्हणे तुम्हाला कळतं, मावशी. काय म्हणतायत बाबा?"

बाप म्हणत होता : "तू सही केलीस. मला मरू द्यायचं होतंस. आवाजासकट. तू मला जिवंतपणी पुरलंस. परत तोंड दाखवू नकोस."

तिनं मुलाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आणि ती म्हणाली, "म्हणतात, दमला असशील. घरी जाऊन जरा पड."

मुलाचा चेहरा एकदम सैल झाला. "हो बाबा," म्हणाला, आणि बापाच्या पायांवरून हात फिरवला.

लिलाववाल्याचा आवाज गेला होता, कान शाबूत होते. त्यानं ते सगळं ऐकलं. पाय ओढून घेतले. मुलगा गेल्यावर तिच्याकडं बघून त्यानं एकच शब्द उच्चारला : "खोटारडी." आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशीही भिंतीकडंच. तिसऱ्या दिवशी चमचाही वाजवला नाही. नळी तुंबून जीव घाबरा झाला तरी सिस्टरला बोलावलं नाही.

ती पाळकसाहेबांकडं गेली, घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही दयेपोटी केलंत, मावशी. देव समजून घेईल."

"देव घेईल हो," ती म्हणाली. "तो माणूस घेत नाही ना. त्याच्याकडं एक मी होते. मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. तिनं डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर त्यांचे शब्द दिसले नसते. "आम्हांला खरं बोलायचं बळ दे आणि ते झेलायचंही," असं काहीसं ते म्हणत होते. आमेन तिनं त्यांच्याबरोबरच म्हटलं.

दुपारी ती स्टूल ओढून त्याच्या पाठीशी बसली. मागावर बिनआवाजी बोलायच्या सवयीनं तिनं आवाज खाली आणला, निदान तिला तसं वाटलं.

"भाऊ, चुकले मी. माफी मागायला आले. का चुकले तेही सांगते. माझा माणूस गेला तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता. तो बोलत होता आणि मला दिसत नव्हतं. मी हो हो म्हणत बसले. आता रोज वाटतं, तो चांगलंच काहीतरी बोलला असेल. मीच त्याच्या तोंडी गोड गोड घालते. तुमच्या तोंडीही तेच घातलं. जे बोललाच नाहीत ते. मेलेल्या माणसाबरोबर करते तसं जित्या माणसाबरोबर केलं."

मग खाट करकरली. त्यानं कूस बदलली, आणि ओठ हलले.

"हळू बोला. अख्ख्या वॉर्डाला कळलं."

तिनं मागं पाहिलं. सगळ्या खाटांवरची माणसं तिच्याकडं बघत होती. दाराशी सिस्टर हातात ट्रे घेऊन थिजली होती. तिनं पदरात तोंड लपवलं. म्हाताऱ्यानं तिच्या मनगटावर बोट आपटलं, तशी तिनं वर पाहिलं.

"आता मी बोलेन ते बोलाल? शब्द न शब्द?"

"बोलेन."

"त्याला बोलवा."

मुलगा आला, आणि तिनं ते सांगितलं. "तू सही केलीस. मला मरू द्यायचं होतंस. आवाजासकट. तू मला जिवंतपणी पुरलंस. परत तोंड दाखवू नकोस." तिला वाटलं होतं आपण पुटपुटतोय, पण तिचा आवाज भिंतींना धडकून परत येत होता. मुलगा एकदा बापाकडं बघे, एकदा तिच्याकडं. मग त्यानं पिशवीतून आणलेले धुतलेले कपडे कपाटात ठेवले, घडी नीट केली, आणि निघून गेला. पुन्हा आला नाही.

लिलाववाला त्या दिवशी गाढ झोपला. आठवड्याभरात मात्र दुखणं दुसरीकडं पसरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तो झपाट्यानं खंगला. बोली लावणं बंद झालं. ती जाऊन बसली की तो आधी दाराकडं बघायचा, मग तिच्याकडं. एकदा गुंगीत त्याचे ओठ हलले : "आला का?"

"नाही आला, भाऊ. जाऊन सांगू का, तुम्ही विचारलंत म्हणून?"

त्यानं डोळे उघडले आणि जोरात मान हलवली. नाही.

त्याचा शब्द त्याचा होता. उचलून बाजारात न्यायचा हक्क तिला नव्हता. पण घरी गेल्यावर ती गुडघे टेकून बसली आणि देवाशी कडाकडा भांडली. "तू तरी सांग त्याला. माझ्याकडून बोलवत नाहीस, त्याच्याकडून बोलवत नाहीस, मग तू करतोस काय तिथं बसून?" शेजारणीनं भिंत ठोकली, ती हिला ऐकू आली नाही. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं, की नवरा गेल्यापासूनची ही आपली पहिली प्रार्थना.

काही दिवसांनी लिलाववाल्यानं स्वतःहून तिचा पदर ओढला. ओठ सुकून चिकटले होते. तिनं ओल्या कापसानं ते भिजवले.

"सांगा त्याला," तो म्हणाला. "ये म्हणावं."

ती तशीच बाजारात गेली. मुलगा लिलाव संपवून टोपल्या रचत होता. तिला बघून त्यानं पाठ फिरवली. ती वळसा घालून पुढं गेली.

"बाबांनी बोलावलंय. त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत."

"तुमचे कुठले, त्यांचे कुठले, मला कसं कळायचं?" तो म्हणाला. "आधी म्हणालात, दमला असशील. मग म्हणालात, पुरलंस. त्यांचा खरा आवाज कसा होता ते आता मला आठवेना झालंय, मावशी. ते पुरलंस म्हणतात ते तुमच्या आवाजात ऐकू येतं. रोज."

तिनं खाली पडलेली टोपली उचलून त्याच्याकडं धरली.

"डॉक्टर म्हणाले, आत्ता कापलं नाही तर संपलं," तो म्हणाला. "बाबा बेशुद्ध. विचारू कुणाला? केली सही. तुम्ही काय केलं असतंत?"

"मला नाही माहीत रे बाळा," ती म्हणाली.

तो दोन दिवसांनी आला. तोवर लिलाववाल्याला दुखणं थांबवायच्या औषधावर ठेवलं होतं. डोळे अर्धे उघडे, पण नजर कुठंच नाही. मुलगा स्टुलावर बसला. मग बापाचे ओठ हलले. मुलगा ताडकन उठला.

"मावशी! काय म्हणतात?"

ती वाकली. अगदी जवळ गेली. ओठ हलत होते, पण शब्द धरत नव्हते. एक आकार सुरू व्हायचा आणि मध्येच ढासळायचा. माफीचा शब्द त्यातून काढता आला असता. शिवीही काढता आली असती. मुलगा तिच्या तोंडाकडं बघत होता, डोळ्यांत प्राण आणून.

"मला नाही कळत," ती म्हणाली.

"काहीतरी असेल ना. एखादा शब्द."

"नाही कळत, बाळा. मी खोटं नाही सांगणार."

मुलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेली, तो त्यानं झटकला. बऱ्याच वेळानं नळीत कफ घरघरायला लागला. तिला ऐकू येत नव्हतं, पण छाती कशी उडतेय ते दिसत होतं. तिनं सिस्टरला खूण केली. सिस्टरनं नळी कशी साफ करायची ते मुलाला दाखवलं, आणि मग त्यानंच ते केलं. पुन्हा घरघर झाली, पुन्हा केलं. भेटीची वेळ संपली तरी त्याला कुणी उठवलं नाही. ती निघाली तेव्हा तो वाकून बापाच्या गळ्याभोवतीची पट्टी बदलत होता.

लिलाववाला दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मातीला बाजारातली थोडी माणसं आली होती. सगळं झाल्यावर मुलगा तिच्याजवळ आला. तिला कळावं म्हणून समोर उभा राहून, सावकाश बोलला.

"मावशी, शेवटच्या दिवशी एखादं गोड खोटं बोलला असतात, तर काय बिघडलं असतं? त्यावर जन्म काढला असता मी."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

तो थोडा वेळ थांबला, आणखी काही मिळेल म्हणून. मग बाजारातल्या माणसांबरोबर निघून गेला. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही.

तिला शांती मिळाली वगैरे काही झालं नाही. कित्येक दिवस तिला जेवण गोड लागेना. आपण बरोबर केलं की त्या पोराच्या पदरात आयुष्यभराची भूक टाकली, हा सल काही निघाला नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "माहीत नाही, मावशी. मी तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतो." ते तिला पुरलं नाही. पण ती स्वतःही रोज सकाळी त्या मुलासाठी प्रार्थना करायला लागली, नाव घेऊन, मोठ्यानं. देवाशी भांडण मिटलेलं नव्हतं. फक्त आता ती भांडायला रोज त्याच्या दारात जात होती.

एका शुक्रवारी ती अंथरुणातून उठलीच नाही. जाऊबाई आल्या, उशाशी बसल्या. त्यांनी तिच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडं वळवलं, मग बोलल्या.

"सिस्टरनं निरोप पाठवलाय. नवी बाई आलीय त्या वॉर्डात. दोन लहान मुली आहेत. आई तोंड हलवते आणि पोरी नुसत्या बघत उभ्या राहतात. सिस्टरला बघवत नाही."

"मला नाही जमायचं, ताई. तिनं काही भलतंच सांगितलं तर?"

"तर मी असेन ना तिथं," जाऊबाई म्हणाल्या. "मला ओठ वाचता येत नाहीत. पण पोरींना जवळ घेता येतं."

जाऊबाईंच्या तोंडून असलं काही निघेल असं तिला वाटलं नव्हतं. ती उठली. तोंड धुतलं, केस विंचरले.

बाईची खाट खिडकीजवळ होती. मुली पायथ्याशी, एकमेकींचा हात धरून. जाऊबाई त्यांच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या. भोंगाबाईनं स्टूल पुढं ओढलं आणि त्या बाईच्या तोंडासमोर बसली.

"मुलींना काय सांगायचंय?" तिनं विचारलं. "सावकाश बोला. मला घाई नाही."

बाईनं मुलींकडं पाहिलं. बराच वेळ विचार केला. मग तिचे ओठ उघडले, आणि ही पुढं वाकली.